तिवर उगवण्याआधी

धरमतर खाडीच्या दोन्ही अंगांना, पेण आणि अलिबाग तालुक्यांत, अशी पुष्कळ जमीन आहे जिच्या सातबारावर अजून भात आहे आणि जागेवर तिवर, म्हणजे खाऱ्या चिखलात वाढणारं खारफुटीचं झाड. बांधाला खांड गेली, म्हणजे बांध फुटला, भरतीचं पाणी आत शिरलं, दुरुस्ती व्हायची ती झाली नाही आणि काही वर्षांत शेताचं कांदळवन, म्हणजे खारफुटीचं जंगल, झालं. या जमिनींवरून दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडतात. एक म्हणतात, तिवर तोडा आणि आमची शेतं मोकळी करा. दुसरे म्हणतात, समुद्राने आपली जागा परत घेतली, आता तिला हात लावू नका. हे भांडण पंधरा वर्षं उशिरा चालू आहे, असं माझं मत आहे. ज्या दिवसांत भांडून काही उपयोग होता, तेव्हा शेतात एकही तिवर नव्हता. होत्या त्या फक्त करपलेल्या भाताच्या पाती.

खाऱ्या पाण्याने झाडोरा बदलतो तो एका रात्रीत नाही. त्याला क्रम असतो, गती असते आणि बऱ्याच मोठ्या टप्प्यापर्यंत माघारीची वाटही असते. कायद्याला, पंचनाम्याला आणि सरकारी नकाशांना हा काळ दिसत नाही. त्यांना एक तर शेत दिसतं, नाही तर कांदळवन. मधली वर्षं कुणाच्याच दप्तरी नाहीत, आणि शेतकरी बुडतो तो नेमका तिथेच.

मीठ किनाऱ्यावर दोन वाटांनी येतं. एक वाट वाऱ्याची. पुळणीवर मर्यादवेल पसरलेली असते, तिच्या मागे केवड्याची जाळी, मग उंडी, करंज, आणि त्यांच्या आडोशाला माडा-पोफळीच्या वाड्या. ही रांग कुणी आखलेली नाही. लाटांच्या तुषारांचं मीठ पानावर किती बसतं आणि ते कुणाला सोसतं, यावर ती ठरली आहे. समुद्राकडच्या अंगाचे शेंडे करपतात आणि झाड जमिनीकडे कललेलं वाढतं, हे श्रीवर्धन-मुरुडकडे कुठेही दिसेल. वनखात्याने जागोजागी सुरूची बनं लावली. ती वारा अडवतात खरी, पण सुरूच्या सुयांच्या जाड थराखाली मर्यादवेल तग धरत नाही आणि पुळण धरून ठेवणारी खालची वेल गेली की लाट थेट सुरूच्या मुळाशी येते. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात दिवेआगर-श्रीवर्धनच्या पोफळीच्या वाड्या भुईसपाट झाल्या, तेव्हा या आडोशाची चर्चा चार दिवस झाली आणि मग थांबली. असो. वाऱ्याने आलेलं मीठ पानावर बसतं आणि कोकणचा पाऊस ते दर वर्षी धुऊन काढतो. दुसरी वाट खाडीची, आणि ती जास्त घातकी आहे, कारण तिथलं मीठ मातीत उतरतं.

खारजमिनीची रचना ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. खाडीच्या कडेने मळीचा, म्हणजे खाडीतल्या चिकण चिखलाचा, बांध. बांधाच्या बाहेर चिखलात तिवर, चिपी, कांदळ. बांधाच्या आत भातशेती, भरतीच्या पातळीपेक्षा खाली. बांधात ठिकठिकाणी उघाड्या, म्हणजे ओहोटीला आतलं पावसाचं पाणी बाहेर सोडणारी आणि भरती आली की पाण्याच्या दाबाने आपोआप मिटणारी दारं. मुंबईपासून खाली रायगडपर्यंत मोठ्या उधाणाला पाण्याची पातळी पाच मीटरच्या आसपास जाते. हे सगळं पाणी बाहेर अडवून आत पाऊस साठवायचा आणि त्या गोड्या पाण्याने मागच्या उन्हाळ्यात वर आलेलं मीठ खाली दाबायचं, एवढ्यावर इथली भातशेती उभी राहिली. इथे नांगरापेक्षा पावसावर आणि बांधावर भिस्त जास्त. म्हणून खारपट्ट्यात रोपं लावण्याऐवजी मोड आलेलं बी चिखलावर फेकायची रहू पद्धत रुजली, आणि लाल दाण्याच्या राता भातासारख्या खारटाण सोसणाऱ्या जाती टिकल्या. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने याच कामात पुढे पनवेल १, २, ३ या जाती दिल्या.

पण जात कितीही चिवट असली तरी तिला मर्यादा आहे. साध्या भाताचं उत्पादन मातीतल्या पाण्याचा खारेपणा मीटरला ३ डेसीसायमनच्या (हे खारेपणा मोजायचं एकक) पुढे गेला की घसरायला लागतं. समुद्राच्या पाण्याचा आकडा ५० च्या घरात आहे. खांडीतून आलेलं खाडीचं पाणी पावसाळ्यात याहून बरंच सौम्य असतं, मे महिन्यात मात्र ते जवळपास समुद्रासारखंच.

आता खांड पडल्यानंतरचं एक शेत डोळ्यांसमोर आणा. पहिल्या वर्षी उधाणाचं पाणी दोन दिवस थांबून ओसरतं. रोपाच्या पातींची टोकं आधी पिवळी, मग तपकिरी होतात. पात गुंडाळते. शेतात पाणी उभं असताना रोप तहानेने वाळतं, कारण बाहेरचं पाणी मुळातल्या रसापेक्षा खारट झालं की मुळाला ते ओढताच येत नाही. लोंबी बाहेर पडते, पण दाणा भरत नाही. हातात धरून चोळली तर फोल उडून जातं. बांधावरचा आंबा असेल तर तो शेंड्याकडून वाळायला लागतो. माड मात्र तसाच उभा राहतो. माडाच्या आळ्यात मीठ घालायची आपल्याकडे रीतच आहे, त्यामुळे माड हिरवा आहे म्हणजे जमीन ठीक आहे असं समजणारा फसतो.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी उन्हाळ्यात जमिनीवर पांढरा थर दिसू लागतो. हे नुसतं मीठ असतं तर पाऊस त्याला पुरेसा होता. खरी गोम मातीच्या आत असते. समुद्राच्या पाण्यातलं सोडियम चिकणमातीच्या कणांवरच्या कॅल्शियमला हुसकावून स्वतः तिथे बसतं. मग वरचं मीठ पावसाने धुतलं तरी सोडियम धरलेले कण सुटे होऊन फुगतात, मातीतली छिद्रं बुजवतात, आणि पाणी खाली झिरपेनासं होतं. पावसाळ्यात घसरडा राडा, उन्हाळ्यात पाय ठेवला तर खडखडणारी ढेपळं. अशा जमिनीत पुढचा पाऊस मीठ खाली नेऊच शकत नाही. भाताचं तण असलेली गवतं आधी जातात. त्यांच्या जागी मोरस येते, जाडसर, मांसल पानांची आणि तोंडात टाकली तर खारट. अलिबागकडे तिची भाजी करतात, आणि बरी लागते. पण शेतात मोरस पसरली की जाणत्या शेतकऱ्याचा चेहरा उतरतो.

तिवर येतो तो यानंतर. पावसाळ्यात तिवराची फळं गळतात आणि पाण्यावर तरंगत येतात. फळाच्या आत रोप जवळजवळ तयारच असतं. भरती ते खांडीतून आत आणते, ओहोटीला ते चिखलावर टेकतं आणि काही दिवसांत मूळ धरतं. भात जिथे मेला तिथे तिवराला कुणी स्पर्धकच नसतो. त्याच्या मुळांच्या टोकदार फांद्या चिखलातून वर येऊन हवा घेतात, आणि आत आलेलं जादा मीठ तो पानांतून बाहेर टाकतो. दुपारच्या उन्हात तिवराचं पान उलटून त्याला जीभ लावून पाहा, मीठ लागेल. चार-पाच वर्षांत माणसाच्या उंचीची गर्दी होते, कडेने मारांडीची काटेरी झुडपं येतात, खेकड्यांची बिळं होतात, ओहोटीला बगळे उतरतात. एव्हाना ते खरंखुरं जंगल झालेलं असतं, आणि ते तसं नाही असा कांगावा करण्यात अर्थ नाही.

या क्रमात महत्त्वाची आहेत ती पहिली वर्षं. २००४ च्या त्सुनामीत तामिळनाडूतल्या नागपट्टणम भागातली शेतं खाऱ्या पाण्याखाली गेली. पाणी ओसरल्यावर पुढच्या पावसाळ्यांत त्यातल्या बऱ्याच शेतांतलं मीठ धुऊन निघालं आणि पुन्हा भात झालं. कारण ते पाणी एकदाच आलं होतं. कोकणात तर अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एखाद्या उधाणाने खारावलेलं शेत इथे एक-दोन हंगामांत सावरायला हरकत नाही, पण त्यासाठी आधी खांड बुजायला हवी. खांड उघडी राहिली तर वर्षाला सातशेच्या वर भरत्या येतात. त्यातल्या भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या, भरत्यांचं पाणी शेतात चढत नाही असं धरलं, तरी अमावास्या-पौर्णिमेची उधाणं पावसाने केलेलं सगळं काम पुसून टाकतात. थोडक्यात, शेताचं कांदळवन समुद्र करतो हे अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं काम न झालेली दुरुस्ती करते.

दुरुस्ती का होत नाही याचा इतिहास आहे. पूर्वी बांधाची राखण गावाच्या अंगावर होती. अलिबागच्या पट्ट्यात जोळ म्हणून व्यवस्था होती. बांधाचा कुठला तुकडा कुणी बघायचा, खांड गेली तर किती माणसं कुठून यायची, हे ठरलेलं असे. या व्यवस्थेला आज सोनेरी मुलामा द्यायचं कारण नाही. खोतीच्या काळात बांधावर राबणारा कुळवाडी आणि धान्य नेणारा खोत यांच्यातला हिशोब काय होता, ते अलिबाग तालुक्यातल्या चरी गावच्या शेतकऱ्यांना विचारायला हवं होतं. नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं त्यांनी खोतांच्या जमिनी कसायला नकार दिला. म्हणजे जमीन पडीक ठेवणं हे याच पट्ट्यात एकदा शेतकऱ्याचं हत्यार होतं. आज त्याची जमीन त्याच्या मनाविरुद्ध पडीक पडते आणि त्याबद्दल कुणी त्याच्याशी वाटाघाटीला बसत नाही.

स्वातंत्र्यानंतर १९४८ चा मुंबई इलाख्याचा खारजमिनींचा कायदा आणि मग १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा यांच्यातून बांध सरकारी योजनांखाली आले. गावाला वाटलं, आता हे सरकारचं काम. सरकारच्या लेखी ते अंदाजपत्रकातल्या शेवटच्या ओळींपैकी एक. बांध हा दर वर्षी मळी चढवून जिवंत ठेवायचा असतो. खेकड्याने पाडलेलं बीळ ज्या दिवशी दिसलं त्या दिवशी ते एका माणसाच्या घमेलाभर मातीने बुजतं, आणि तीन महिन्यांनी त्याचं काम निविदेशिवाय होत नाही. त्यात खाडीतून जाणाऱ्या बार्जेसच्या लाटा बांधाची बाहेरची बाजू चाटतात, ही धरमतरच्या शेतकऱ्यांची जुनी तक्रार आहे. आणि मुलं मुंबई-पनवेलला नोकरीला गेली, हेही सांगायलाच हवं. सगळं खापर सरकारवर फोडणं सोपं आहे, पण बीळ बघायला बांधावरून चालणारं माणूसही आता गावात उरलेलं नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण माझा मुख्य आक्षेप तिथे आहे. १८ जानेवारी २०१९ च्या सीआरझेड, म्हणजे किनारा नियमन क्षेत्राच्या, अधिसूचनेत बांधांबद्दल एक तरतूद आहे. १९ फेब्रुवारी १९९१ च्या आधीचा बांध किंवा उघाडी असेल तर भरतीरेषा त्या बांधापाशी थांबते. म्हणजे बांधाच्या आतलं शेत समुद्राचं नाही, हे कायद्याला मान्य आहे. पण त्याच वाक्यात पुढे म्हटलं आहे की बांधाच्या आत खारं पाणी शिरून कांदळवन उगवलं असेल, तर ते कितीही छोटं असो, सर्वांत कडक संरक्षणाच्या वर्गात, सीआरझेड १-अ मध्ये जाईल. त्याच्या काही महिने आधी, १७ सप्टेंबर २०१८ ला, मुंबई उच्च न्यायालयाने राज्यभर कांदळवन तोडायला मनाई करणारा निकाल दिला होता. जमीन कुणाच्या मालकीची आहे यावर ती मनाई अवलंबून नाही.

हे दोन्ही निर्णय झाडं वाचवण्यासाठी आहेत आणि झाडांच्या बाजूने पाहिलं तर योग्यच आहेत. उरण-पनवेलच्या पट्ट्यात बांध घालून, भराव टाकून भरतीचं पाणी अडवायचं, तिवर वाळू द्यायचा आणि मग ‘इथे काही नव्हतंच’ म्हणायचं, असे प्रकार लोकांनी पाहिलेत. तिवराला मीठ सोसतं याचा अर्थ त्याला साचलेलं, कोंडलेलं पाणी सोसतं असा नाही. भरती-ओहोटीचं येणं-जाणं तुटलं की तोही मरतो. कायदा नसता तर मुंबईभोवतीची कांदळवनं केव्हाच संपली असती. वनखात्याने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष काढला, २०२१ च्या देशाच्या वनअहवालात महाराष्ट्रातलं कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर भरलं, राज्याने पांढऱ्या चिपीला राज्य कांदळवृक्षाचा मानही दिला. हे सगळं स्वागतार्हच.

पण बांधाच्या आतल्या शेतापुरतं या तरतुदीचं फळ काय होतं ते बघा. बांध सांभाळण्याची जबाबदारी सरकारी खात्याची. खांड बुजवली नाही ती त्या खात्याने. त्यातून जंगल उगवलं, आणि ते उगवताच शेतकऱ्याचा जमिनीवरचा हात सुटला. सरकारच्या हलगर्जीपणाचं रूपांतर सरकारी आकडेवारीतल्या हिरव्या ठिपक्यात झालं. त्या ठिपक्याबद्दल मालकाला एक छदाम मिळत नाही, कारण संपादन कुणी केलेलंच नाही. भराव घालून तिवर मारणारा बिल्डर आणि खांड न बुजल्यामुळे शेत गमावलेला शेतकरी या दोघांना एकच कलम लावलं जातं. पंचनाम्यात त्याचं पीक गेल्याची नोंद होते. जमीन खारावली याला तिथे जागा नाही.

शेजारच्या गोव्याला २०११ च्या अधिसूचनेत खाजण जमिनींसाठी वेगळी तरतूद मिळाली. त्या जमिनी राखायच्या आणि त्यांचा व्यवस्थापन आराखडा करायचा, असं त्यात आहे. खाजण म्हणजे आपल्या खारजमिनीचंच भावंड. तोच बांध, तसंच दार, तसंच भात. गोव्यातही सगळं आलबेल नाही, पण शेत आणि कांदळवन मिळून एक व्यवस्था होते हे तिथे निदान कागदावर आलं. आपल्याकडे ते आलं नाही, याचं एक कारण आपल्या किनाऱ्याच्या राजकारणात भाताला वजन नाही. वजन आहे ते बंदरांना आणि प्लॉटना.

तिवर तोडून शेतं परत द्या म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, आणि कायद्याचा धाक हे त्याचं कारण नव्हे. दहा-पंधरा वर्षं खारं पाणी प्यालेली, सोडियमने बांधलेली चिकणमाती तिवर तोडल्याने भाताची होत नाही. बांध तर तुटलेलाच असतो. तोडलेल्या जागेवर पुढचं उधाण येतं आणि पुन्हा तिवर रुजतो, नाही तर ती जमीन उघडीबोडकी पडून शेवटी भरावाच्या डंपरची वाट बघते. ‘शेतकऱ्याला शेत परत’ या मागणीमागे कधीकधी एखादा दलालही उभा असतो, हे शेतकऱ्यांनाही ठाऊक आहे. शिवाय बांधाच्या बाहेरचा तिवर हा भाताचा शत्रू कधीच नव्हता. लाटेचा जोर तोच मोडतो, आणि बाहेरचा तिवर ज्यांनी तोडला त्यांच्या बांधाला खांड लवकर गेली.

निसर्गाने जागा परत घेतली म्हणणाऱ्यांना माझा एकच प्रश्न आहे. कुणाच्या खर्चाने? कांदळवन मासळीची पैदास वाढवतं, कार्बन साठवतं, वादळाची लाट अडवतं. हे सगळे फायदे सार्वजनिक आहेत आणि जमीन खासगी. जनतेला जंगल हवं असेल तर जनतेने ते विकत घ्यावं, नाही तर त्याचं भाडं द्यावं. २०१७ पासून राज्याची कांदळवन संवर्धन आणि उपजीविका योजना खेकडापालन, कालवं, जिताडा मासा असे उद्योग गावांना देते. ती चांगलीच आहे. पण दीड एकर भाताचं शेत गेलेल्या माणसाला खेकड्याचा पिंजरा देणं ही भरपाई होत नाही.

मला हवं आहे ते फार मोठं नाही. खांड पडली त्या दिवसाची तारीख गावदप्तरात लागली पाहिजे. आज ती कुठेच नसते, म्हणून पुढे कोर्टात शेतकरी म्हणतो ‘आधी शेत होतं’ आणि नकाशा म्हणतो ‘कांदळवन आहे’, आणि दोघेही खरंच बोलत असतात. त्या तारखेनंतर दर मे महिन्यात आणि दर ऑक्टोबरात मातीचा खारेपणा मोजावा. खारेपणा मोजायचं यंत्र आता हातात मावतं, आणि कृषी सहायकाला ते वापरायला शिकायला एक दुपार पुरे. पाऊस मीठ धुतोय की नाही हे त्या दोन आकड्यांतल्या फरकावरून कळेल. दोन पावसाळ्यांच्या आत सरकारने लेखी सांगावं, बांध दुरुस्त करणार की ही जमीन समुद्राला सोडणार. सोडणार असाल तर त्याच दिवसापासून मोबदला सुरू. काहीच सांगितलं नाही तर सोडली असं धरावं आणि मोबदला तरीही द्यावा. गप्प बसणं आज सरकारला फुकट पडतं. ते महाग झाल्याशिवाय खांडी बुजायच्या नाहीत.

काही जमीन सोडावीच लागेल, हेही कबूल करायला हवं. २००६ ते २०१८ या काळात जगभर समुद्राची सरासरी पातळी वर्षाला ३.७ मिलिमीटरने वाढली, आणि मातीचा बांध दर वर्षी तेवढ्याने आपोआप उंच होत नसतो. त्यात सीआरझेडच्या व्याख्येप्रमाणे, वर्षाच्या सर्वांत कोरड्या काळात पाण्याचा खारेपणा हजारी ५ भाग मिळतो तिथपर्यंत खाडी भरतीच्या प्रभावाखाली धरली जाते. उन्हाळ्यात वरून येणारं गोडं पाणी घटलं किंवा खालून समुद्र चढला, तर ती रेषा वर सरकणार आणि कायदाही तिच्यामागोमाग गावात शिरणार. म्हणूनच कुठली खारबंदिस्ती, म्हणजे बांधाने राखलेली खारजमीन, राखायची आणि कुठली सोडायची याची यादी आत्ता, गावांना बसवून करायला हवी. राता भात पिकवणारे, जिताड्याचे तलाव सांभाळणारे आणि कांदळवन कक्षाचे लोक एका टेबलावर आले तर ती यादी होण्यासारखी आहे. सगळ्यांना सगळं मिळणार नाही. पण कुणाला काय मिळालं नाही, ते निदान लिहिलेलं राहील.

आणि ज्या बांधांची दुरुस्ती करायची ठरेल त्यांच्यासाठी कामाचे महिने ठरलेले आहेत. भातकापणी झाली की मळी काढायची, थरावर थर चढवायचे, प्रत्येक थर सुकू द्यायचा. दिवाळीनंतर सुरू झालेलं काम शिमग्यापर्यंत उरकतं आणि बांध उन्हात कडक होतो. मार्चअखेरीला निधी संपवायचा म्हणून निघालेली निविदा एप्रिलात उघडते, मे महिन्यात ओली मळी चढते आणि जूनच्या पहिल्या उधाणाला ती खाडीत विरघळते. वर्षाचं बिल मात्र निघालेलं असतं. खारभूमी विभागाने एवढं एक वेळापत्रक जरी पाळलं, तरी पुढच्या दहा वर्षांत तिवराचा वाद कोर्टात न्यायची वेळ निम्म्या गावांवर येणार नाही.